टायरवरचे 65 म्हणजे टक्के. आणि टायरची तारीख आतल्या बाजूलाही बघा

टायरवरचे आकडे कसे वाचायचे या चर्चेत, 185/65 आर 15 मधले 65 म्हणजे टायरच्या भिंतीची (बाजूच्या भागाची) उंची मिलिमीटरमध्ये, असं वर कुणीतरी म्हटलंय, ते बरोबर नाही. ते टक्के आहेत. 185 मिमी ही टायरची रुंदी, तिचे 65 टक्के, म्हणजे साधारण 120 मिमी. पुढच्या 88 एच बद्दलचं पटलं: एका टायरवर जास्तीत जास्त 560 किलो भार, वेग ताशी 210 किमीपर्यंत. (तेवढा वेग आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या गर्दीत काय कामाचा, ते सोडा.)

पण टायर कधी बनला त्या तारखेचं कुणी लिहिलं नाही. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघायचे. 3518 म्हणजे 2018 चा पस्तिसावा आठवडा. मी इथे बडोद्यात चार टायर बदलले तेव्हा बाहेरच्या बाजूला हे आकडे सापडेनात. दुकानदार म्हणाला, "काका, माल नवो ज छे." (माल नवाच आहे.) घरी आल्यावर पुढची चाकं पूर्ण वळवून, मोबाइलचा दिवा धरून आत डोकावलो, तर एक टायर बाकीच्यांपेक्षा तब्बल तीन वर्षं जुना! बऱ्याच टायरवर तारखेसकट पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असतो, दुसरीकडे अर्धाच. त्यात 'आउटसाइड' किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण छापलेला नसेल तर कुठलीही बाजू बाहेर ठेवून बसवता येतो, त्यामुळे भांडायलाही जागा उरत नाही. बदलून दिला त्याने, पण दोन खेपा घालाव्या लागल्या. तेव्हा रिमवर चढवण्याआधीच चारही टायर जमिनीवर आडवे ठेवून दोन्ही बाजू वाचून घ्या.