सायप्रसची प्राचीन मातीची भांडी: पाटी न वाचता प्रकार कसा ओळखायचा?

मुक्ताई:
स्टॉकहोमच्या मेडेलहाव्समुसेएट या संग्रहालयातलं सायप्रसचं दालन बघायचं आहे. तिथला बराचसा संग्रह १९२७ ते १९३१ च्या स्वीडिश उत्खनन मोहिमेतला. पाट्यांवर नुसतं ‘व्हाइट पेंटेड IV’, ‘बेस रिंग II’ असं असतं. भांड्याकडे बघून प्रकार कसा ठरवायचा? आणि एकच नाव कांस्ययुगात आणि लोहयुगातही कसं?

खापरतुकडा:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, घोळ तिथेच आहे. व्हाइट पेंटेड नावाची दोन वेगळी घराणी आहेत. एक मध्य कांस्ययुगातलं, हातानं घडवलेलं. दुसरं लोहयुगातलं, सुमारे इ.स.पू. १०५० नंतरचं, चाकावरचं. दोन्हींना रोमन आकडेच लावलेत, म्हणून आकड्यावरून काही कळत नाही.
चाकाची खूण बाहेर शोधू नका, बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत केलेला असतो. तोंडातून आत डोकवा. एकसारख्या समांतर गोल रेघा दिसल्या तर चाक. हातच्या भांड्याची जाडी कमीजास्त असते आणि बूड बहुधा गोल. लोहयुगातली नेमकी एकात एक वर्तुळंही ओळख पटवतात: कंपासाला बरेच कुंचले लावून एका फेरीत काढलेली.
बायक्रोमचंही (दोन रंगांत रंगवलेल्या भांड्यांचंही) तेच. ‘बायक्रोम व्हीलमेड’ उत्तर कांस्ययुगातलं, नुसतं ‘बायक्रोम’ लोहयुगातलं.

बूडकडी:
उत्तर कांस्ययुगातली दोन भांडी (इ.स.पू. १६०० ते १२०० च्या सुमाराची) सर्वात सोपी. व्हाइट स्लिप म्हणजे अर्धगोल वाडगा, जाड पांढरा लेप, वर तपकिरी जाळी किंवा शिडीची नक्षी आणि दोन काड्या टोकाला जुळवल्यासारखा कान. पहिल्या टप्प्यात रेघा बारीक आणि नेटक्या, दुसऱ्यात जाड नि उरकलेल्या.
बेस रिंगची भिंत पातळ, भाजणी कडक, बुडाखाली कडी. कानाचं खालचं टोक भिंतीला भोक पाडून आत घातलेलं असतं आणि आतून लिंपलेलं. पातळ भिंतीला वरवर चिकटवलेला कान टिकला नसता. पहिल्या टप्प्यात उठावाच्या पट्ट्या, दुसऱ्यात पांढऱ्या रंगाच्या रेघा. दोन्ही प्रकार हातचेच, चाक माहीत असूनही!
छोट्या बेस रिंग सुरया उलट्या धरल्या की अफूच्या बोंडासारख्या दिसतात. पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट मेरिलीज यांनी १९६२ मध्ये त्यावरून अफूच्या व्यापाराचा तर्क मांडला. २०१८ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या एका बंद सुरईत वनस्पती तेलासोबत अफूचे अंश सापडले. पण एका सुरईवरून सगळ्या सुरयांत अफूच भरत असत असं म्हणणं घाईचं आहे.

खापरतुकडा:
रेड पॉलिश्ड राहिलं. पूर्व आणि मध्य कांस्ययुगातलं, हातचं, लाल, घोटून चकाकी आणलेलं. कोरलेल्या रेघांत पांढरा चुना भरलेला असतो, तो अनेकदा गळून गेलेला. काहींचं तोंड काळं नि अंग लाल असतं: भाजताना तोंडाला हवा न मिळाल्याचा परिणाम. विदर्भातल्या महापाषाणकालीन काळ्या-तांबड्या भांड्यांत हाच रंगखेळ दिसतो.

टेराकोटा:
मूर्तींकडेही वळा. १९२९ मध्ये सायप्रसमधल्या आया इरिनी इथल्या प्राचीन देवस्थानात सुमारे २००० मूर्ती सापडल्या, वेदीभोवती अर्धवर्तुळात, लहान पुढे नि मोठ्या मागे. स्टॉकहोमला त्यांचा एक भागच आहे, उरलेल्या निकोसियाच्या संग्रहालयात.