मदत हवी आहे : ब्रॉयलर आणि घारींमधला प्रतिजैविक-प्रतिरोध कसा तपासावा?

एमव्हीएस्सीचा (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) प्रबंध आहे. ५ ब्रॉयलर शेडमधून प्रत्येकी २० स्वॅब आणि जवळच्या कचरा डेपोवरच्या घारींची विष्ठा घ्यायची. सगळं सेफोटॅक्झिम (एक प्रतिजैविक) घातलेल्या मॅकाँकी आगारवर (जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) लावून किती टक्के ई. कोलाय (आतड्यातले जिवाणू) प्रतिरोधक आहेत ते काढायचं, कोलिस्टिन या दुसऱ्या प्रतिजैविकासाठी डिस्क (औषध लावलेली कागदी चकती) वापरायची. यात काय चुकतंय? घारींनी प्रतिरोध फार्मवरून उचलला असं म्हणता येईल का?

प्रतिसाद १
आधी टक्क्यांचं बघा. औषधाच्या प्लेटवर उगवतात तेच मुळी प्रतिरोधक, मग त्यांची टक्केवारी काढून हाती काय लागणार? १ ग्रॅम विष्ठा ९ मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये (जिवाणू वाढवायचं द्रव माध्यम) ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. मग त्यातलं थोडं साध्या मॅकाँकीवर आणि थोडं लिटरला १ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिमवाल्या प्लेटवर लावा. साध्या प्लेटवरची एकच वसाहत (जिवाणूंचा ठिपका), न निवडता उचला. ती तपासली की ई. कोलायमधलं प्रतिरोधकांचं प्रमाण कळेल. दुसऱ्या प्लेटवरून फक्त किती नमुन्यांत प्रतिरोधक जिवाणू आहेत एवढंच. हे दोन आकडे एका रकान्यात घालू नका.

आगार ५० अंशांच्या आसपास आल्यावरच औषध घाला, गरम आगारात ते मरतं. प्रत्येक बॅचवर एटीसीसी २५९२२ (औषधाने मरणारा ई. कोलायचा प्रमाणित वाण) लावा. तो उगवला तर बॅच टाकून द्या.

आणि ५ शेडचे १०० स्वॅब म्हणजे १०० स्वतंत्र नमुने नव्हेत. एका शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस तेच, पाण्याची लाइन तीच. शेड वाढवा, स्वॅब कमी करा.

प्रतिसाद २
कोलिस्टिनची डिस्क नकोच. रेणू मोठा, आगारात नीट पसरत नाही, डिस्कभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वलय फसवतं. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषध पायरीपायरीने पातळ करून चाचणी) करा : माध्यम कॅटायन-ॲडजस्टेड म्युलर-हिंटन, साध्या पॉलिस्टायरिनच्या प्लेट, पॉलिसॉर्बेट (साबणासारखा पदार्थ) न घालता. पावडर कोलिस्टिन सल्फेटचीच घ्या, इंजेक्शनचं कोलिस्टिमेथेट चालत नाही. एमआयसी (वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅम किंवा वर गेली की एमसीआर-१ या कोलिस्टिन-प्रतिरोधाच्या जनुकाचा पीसीआर (जनुक शोधायची चाचणी) लावा. हे जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदवलं गेलं. भारतात खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर २०१९ पासून बंदी आहे. म्हणून शेडमध्ये पाण्यातून काय काय दिलं याची नोंद जरूर मागा.

प्रतिसाद ३
'फार्मवरून उचलला' असं लिहू नका. त्याच डेपोवर कोंबडीची आतडीही पडतात आणि माणसांचा कचराही. दोन्हीकडे एकच जनुक सापडलं तरी दिशा कळत नाही. शेजारच्या नाल्याचं सांडपाणी तिसरा गट म्हणून घ्या. प्लाझ्मिड (जिवाणूंत एकमेकांकडे जाणारं डीएनएचं कडं) जुळवायचं तर काही नमुन्यांचं लाँग-रीड सिक्वेन्सिंग (डीएनएचे लांब तुकडे वाचणं) हवं, शॉर्ट-रीडमध्ये पुनरावृत्तीच्या जागी तुकडे पडतात.

विष्ठा ताजी, ओली असतानाच घ्या, मातीला न टेकलेला वरचा भाग. रातथाऱ्याखाली (घारी रात्री बसतात त्या झाडाखाली) एकाच पक्ष्याची दोनदा येते, म्हणून जागा लांब-लांब ठेवा. घार पकडून स्वॅब घ्यायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आधी लागेल.