‘रँग्लर’ म्हणजे नेमकं कोण? आणि बाईला रँग्लर का म्हणत नसत?

प्रश्न : पुण्यातल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर अशी नावं येतात. रँग्लर ही पदवी आहे, परीक्षा आहे की किताब? इंग्रजी कोशात तर ‘वाद घालणारा, भांडखोर’ असा अर्थ सापडला. आणि या नावांत एकही बाई कशी नाही?

उत्तर : केंब्रिज विद्यापीठाच्या गणित ट्रायपॉस परीक्षेत (ट्रायपॉस म्हणजे तिथली पदवी परीक्षा) पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर. त्याखालचे सीनिअर ऑप्टाइम, मग ज्युनिअर ऑप्टाइम. कोशातला अर्थ बरोबरच आहे. पूर्वी ही परीक्षा तोंडी असे आणि विद्यार्थ्याला लॅटिनमध्ये वाद करून आपला पक्ष सिद्ध करावा लागे. पुढे सगळं लेखी झालं, नाव तेवढं टिकलं. आपल्याकडे शास्त्रार्थ करणारे पंडित असत, तशातलाच प्रकार.

पहिल्या वर्गातही जो पहिला, तो सीनिअर रँग्लर. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली हा मान मिळवून आले (एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून) आणि हा शब्द मराठीत थेट नावाआधी जाऊन बसला, बॅरिस्टरसारखा. १९०९ नंतर क्रमवार यादी जाहीर होणं बंद झालं. नंतरचे रँग्लर पहिल्या वर्गातले खरे, पण त्यांचा क्रमांक अधिकृतपणे जाहीर झालेला नाही; पहिला कोण आला एवढं मात्र अनौपचारिकपणे कळतं.

आता बायकांचं. त्या परीक्षेला बसत होत्या. केंब्रिजमधल्या मुलींच्या गर्टन कॉलेजच्या शार्लट अँगस स्कॉट यांचे गुण १८८० साली आठव्या रँग्लरच्या बरोबरीचे होते. निकाल वाचताना आठव्या नावाची वेळ आली तेव्हा जमलेल्या मुलांनीच ‘स्कॉट ऑफ गर्टन’ असा गजर केला, कारण यादीत ते नाव असणारच नव्हतं. पुढच्या वर्षापासून बायकांना रीतसर परीक्षेला बसू देऊ लागले, पण त्यांची यादी वेगळी. पुरुषांची यादी वाचून झाली की बायकांची वाचायची आणि ‘अमक्या आणि तमक्या क्रमांकाच्या मध्ये’ एवढंच सांगायचं.

१८९० साली ही पद्धत चांगलीच अडचणीत आली. मुलींच्याच न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांचं नाव पुकारलं गेलं आणि पुढे शब्द आले, ‘सीनिअर रँग्लरच्या वर’. सभागृहात टाळ्या आणि आरोळ्यांचा कल्लोळ झाला. त्यांचे गुण दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी जास्त होते. तरी सीनिअर रँग्लर ठरला तो त्यांच्या खालचा पुरुष, आणि फॉसेट यांना पदवीही मिळाली नाही. पेपर चोख तपासले होते, बेरीज चोख केली होती. गुण कुणी नाकारलेच नाहीत, फक्त त्या गुणांचं नाव पुरुषांसाठी राखून ठेवलेलं होतं. मला या सगळ्यातलं सर्वांत चीड आणणारं हेच वाटतं.

प्रतिसाद : यात एक मराठी धागा आहे, तो सांगायलाच हवा. परांजपे १८९६ साली केंब्रिजला गेले. पुढच्याच मे महिन्यात बायकांना पदव्या द्याव्यात का यावर तिथे मतदान झालं. बाजूने ६६२ आणि विरोधात १७१३. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा सिनेट हाउस या विद्यापीठाच्या सभाभवनासमोर लटकवला होता. परांजपे यांची मुलगी शकुंतलाबाई पुढे न्यूनहॅममध्येच गणित ट्रायपॉस करायला गेल्या आणि १९२९ साली उत्तीर्ण झाल्या. तोवर केंब्रिज बायकांना नावापुरती पदवी देऊ लागलं होतं. विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व नाही, कारभारात मत नाही. ते मिळायला १९४८ उजाडलं. वडील आणि मुलगी, विद्यापीठ एक, परीक्षा एक, आणि पदवीचा अर्थ मात्र दोघांना वेगवेगळा.

प्रतिसाद : मी विद्यापीठात शिकवते. शब्द राखून ठेवण्याची ही सवय आजही जात नाही. शिफारसपत्रं वाचताना तर फार जाणवते. मुलगा असेल तर ‘तल्लख’, ‘स्वतंत्र बुद्धीचा’, ‘मूळचा हुशार’. मुलगी असेल तर ‘कष्टाळू’, ‘नेटकी’, ‘सर्वांशी मिळून-मिसळून वागणारी’. दोघांचे गुण तेवढेच असतात. निवड समितीत ‘कष्टाळू’ हा शब्द कौतुक म्हणून वाचलाच जात नाही, ‘बुद्धी बेताची’ असा वाचला जातो. आपल्या विद्यार्थिनी कष्टाळू असतात हे खरंच आहे, पण ‘तल्लख’ लिहायला पेन अडखळतं का, हे प्रत्येक प्राध्यापकाने स्वतःला विचारावं.

प्रश्न : पण गुणवत्तेला लिंग नसतं असं आपण म्हणतो ना? मग आयआयटीत मुलींसाठी वेगळ्या जागा कशाला?

उत्तर : त्या जागांसाठीचा शब्द नीट पाहा : अधिसंख्य. म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जास्तीच्या. २०१८ साली मुलींचं प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत आणि २०२० पर्यंत २० टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी या जागा वाढवल्या. मुलांच्या होत्या तेवढ्या जागा तशाच राहिल्या. मुलींनाही जेईई अॅडव्हान्स्ड पात्रता गाठावीच लागते. तरी वसतिगृहात ‘कोट्यातली’ हा शब्द प्रत्येक मुलीला चिकटतो, अगदी सर्वसाधारण यादीतून आलेलीलाही. ‘गुणवत्ता यादी’ म्हणताना आपण गुण म्हणजे मार्क आणि गुण म्हणजे अंगची क्षमता हे दोन्ही एकच धरून चालतो. घरून मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरी क्लासला पाठवतात आणि मुलीला गावातल्याच क्लासला घालतात, त्या वर्षांचा हिशोब यादीतल्या क्रमांकात कुठेच दिसत नाही.

प्रश्न : मग फॉसेट यांच्याविषयी मराठीत लिहायचं तर काय लिहू? ‘स्त्री रँग्लर’?

उत्तर : नको. ‘स्त्री रँग्लर’ म्हटलं की पुन्हा वेगळी यादी सुरू झाली. शब्द दोघांनाही तोच आहे; १९९२ साली रूथ हेन्ड्री सीनिअर रँग्लर झाल्या तेव्हा कुठलंही विशेषण लावावं लागलं नाही. फॉसेट यांच्याबाबत ‘१८९०च्या गणित ट्रायपॉसमध्ये सर्वांत जास्त गुण, सीनिअर रँग्लरच्या वर, स्त्री म्हणून किताब आणि पदवी नाकारली’ असं सरळ लिहा. ‘नाकारली’ हे क्रियापद गाळू नका.