फुटेजचा अर्ज आधी टाका

वकील नसेल तर पोलीस तक्रार प्राधिकरणापुढे, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या यंत्रणेपुढे, सामान्य माणसाचा निभाव लागत नाही, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. माझ्या मावसभावाने इथे पुण्यात वकिलाशिवायच तक्रार चालवली. प्रतिज्ञापत्र, तारखा, सगळं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये नीट लावलेलं. गाडी अडकली ती सीसीटीव्हीवर. एका पोलीस ठाण्यात त्याला रात्री चार तास बसवून ठेवलं, डायरीत नोंद शून्य. सुनावणीत समोरून थंडपणे उत्तर आलं, 'त्या दिवसाचं फुटेज आता उपलब्ध नाही.' घटनेला जेमतेम पाच महिने झाले होते. हा बापडा गप्प बसला, आणि मीही.

खाली जिन्यात कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं, की सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार ठाण्यातलं चित्रीकरण अठरा महिने जपायचं असतं. साठवणुकीची साधनंच तोकडी असतील तरी वर्षाच्या आत ते पुसता येत नाही. म्हणजे 'उपलब्ध नाही' हेच उत्तर पकडायला हवं होतं. प्राधिकरणं आली ती २००६ च्या प्रकाश सिंह निकालामुळे, आपल्या राज्याने कायदा बदलला २०१४ मध्ये, हे सगळं आम्ही पाठ करून गेलो होतो. नेमकं कामाचं तेवढं राहिलं! तेव्हा तक्रार सावकाश लिहा हवी तर, पण तारीख-वेळ घालून फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.