मदत हवी आहे: छोट्या सब-कॉन्ट्रॅक्टरने ट्रेडच्या असोसिएशनचं सभासद व्हावं का?

नमस्कार मंडळी, आमचं काम एसीच्या डक्टिंगचं, पत्रा कापून हवा नेणारे डक्ट बनवायचे आणि साइटवर चढवायचे, कायम कुणाच्या तरी हाताखाली सब म्हणून. आता आमच्या ट्रेडच्या एका असोसिएशनकडून सभासद व्हा म्हणून मागे लागलेत आणि फी भरावी की नाही ते ठरत नाहीये.

असोसिएशनचा उपयोगच नाही असं मी म्हणत नाही हां. टेंडरमध्ये 'डक्टिंग स्मॅकनाप्रमाणे' असं लिहिलेलं असतं ना, ती स्मॅकना काही सरकारी संस्था नाही, अमेरिकेतल्या शीट मेटल आणि एसीवाल्या ठेकेदारांचीच १९४३ पासूनची संघटना आहे. पत्रा किती गेजचा, सांधा कसा मारायचा हे ठेकेदारांनीच मिळून लिहिलं आणि आज कन्सल्टंट तेच पुस्तक आपल्या तोंडावर मारतो!

पण आमचं खरं दुखणं पैशाचं. करारात बॅक टू बॅक कलम, मालकाने मेन कॉन्ट्रॅक्टरला दिले तर तो आम्हाला देणार. वर रिटेन्शन, म्हणजे प्रत्येक बिलातून हमी म्हणून कापून ठेवलेले पैसे. आमचं काम फॉल्स सीलिंगच्या आधीच उरकतं पण रिटेन्शन सुटणार बिल्डिंग हँडओव्हर होऊन डिफेक्ट लायबिलिटी (दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर, तोवर सीलिंगवाले वर चढून आमचं इन्सुलेशन फाडून ठेवतात आणि त्याचे पैसे कापल्याची डेबिट नोट येते आमच्या नावाने. एकट्याने कलम काढा म्हटलं की पुढचं काम दुसऱ्याला.

तर असोसिएशनने बनवलेला नमुना करार मेनवाले खरंच मानतात का, की नुसताच फाइलला? दुसरं, सगळ्या बिल्डिंग ठेकेदारांच्या मोठ्या संघटनेत मेनवालेच कमिटीवर बसलेले असतात, भांडण तर त्यांच्याशीच, मग तिथे आपलं कोण ऐकणार? आणि ट्रेडच्या संघटनेत सगळे आपलेच, पण तेच उद्या टेंडरला समोर उभे. (सगळ्यांनी मिळून रेट ठरवू असं कुणी सुचवू नका, ते कार्टेल होतं, कायद्यात अडकू.) शिवाय मटेरियल कंपन्या असोसिएट मेंबर असतात आणि कार्यक्रमाचा खर्च बऱ्याचदा त्याच उचलतात, मग ट्रेनिंगच्या नावाखाली प्रॉडक्टचा डेमोच होतो का?

नेटवर्किंग होतं हे सांगू नका, ते व्हॉट्सॲप ग्रुपवर फुकट होतं.

प्लंबिंग, फायर, वॉटरप्रूफिंग, कुठल्याही ट्रेडचे असाल तरी सांगा, अडकलेलं पेमेंट असोसिएशनच्या पत्राने सुटलं असं कुणाचं झालंय का? आणि फी भरायच्या आधी त्यांना नेमकं काय काय विचारून घेऊ?