भाडेकरू जोडपं वेगळं झालं, डिपॉझिट कोणाला द्यायचं?

कोथरूडकर: माझ्या वन बीएचकेत नवरा-बायको राहतात, ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर दोघांच्याही सह्या आहेत, आता सहाव्या महिन्यात तो बॅगा भरून गेला आणि अर्धं डिपॉझिट मागतोय, ती म्हणते मी राहणार, कुलूप बदलून द्या. ती पोरगी रडकुंडीला आलीये हो, काय करू?

पाटीलकाका: कुलूप अजिबात बदलू नका, त्याचंही नाव आहे ना ॲग्रीमेंटवर.

अनघा: दोघांकडून लेखी घ्या, डिपॉझिटचं काय तेही त्यातच लिहा, मग जुनं रद्द करून तिच्या एकटीच्या नावावर नवीन लीव्ह अँड लायसन्स (भाड्याचं ॲग्रीमेंट) रजिस्टर करा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाचीच. आणि भाडं एकटीला झेपेल का, हे तिला शांतपणे विचारा.

कोथरूडकर: पटलं. रविवारी दोघांना बोलावतो.