ऑफिसनं फक्त फी घ्यावी अन् गप्प बसावं?

सीताबर्डी काउंटर

काल इथे एका शिक्षकांनी लिहिलं की भाषावर्गाच्या ऑफिसनं फी घ्यावी, झेरॉक्स काढाव्या आणि शिकवण्याच्या बाबतीत तोंड उघडू नये. खाली बऱ्याच जणांनी अंगठे दिले. राग आला, म्हणून सविस्तर लिहिते.

झेरॉक्सपासूनच सुरुवात करू. बॅच सहाची. पाच पन्नासला व्हॉट्सअॅपवर पानांचे फोटो येऊन पडतात. कडेला टेबलाची काळी पट्टी, मधोमध हाताची सावली. १४ विद्यार्थी, तीन पानं, म्हणजे ४२ प्रती. कार्ट्रिजवर २,००० पानं लिहिलेलं असतं ते पानाच्या पाच टक्के भागावरच शाई पडेल असं धरून. सावलीचं पान त्याच्या कितीतरी पट टोनर खातं, आणि एवढं करून अक्षर वाचता येत नाही ते नाहीच. तेच पान मोबाइलच्या स्कॅन अॅपमधून कडा कापून, काळं-पांढरं करून, पीडीएफ म्हणून दुपारी चारपर्यंत पाठवलं तर कोणाचीच धावपळ होत नाही. यात शिकवण्यात नाक खुपसणं कुठे आलं?

दुसरं हजेरीपुस्तक. शेवटचा रकाना आहे ‘आज कुठपर्यंत झालं’. तो महिनोन्महिने कोरा असतो. शिक्षक आजारी पडले, बदली शिक्षक आले, तर त्यांच्या हातात काय द्यायचं? विद्यार्थ्यांना विचारलं तर तिघं तीन पानं सांगतात. बदली शिक्षक बिचारे उजळणी घेऊन वेळ काढतात आणि दुसऱ्या दिवशी तक्रार काउंटरवर येते की काल काहीच झालं नाही. पालक फोन करून विचारतात, मुलीला परीक्षेला बसवू का? याचं उत्तर त्या रकान्यात असायला पाहिजे. शिकवण्यातलं बोलायची कोणाला हौस नाही. लोक विचारतात काउंटरला, आणि काउंटरकडे कागद कोरा.

जर्मन शिकवणारा, धरमपेठ

रकाना भरला पाहिजे, मान्य. पण झेरॉक्सची ४२ पानं मोजणाऱ्यांनी हेही मोजावं.

बॅचचा नववा तास चालू आहे. दार उघडतं, नवा विद्यार्थी आत येतो. ‘काउंटरवर म्हणाले, मागचं कव्हर होऊन जाईल.’ कोण करणार कव्हर? जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन ए-१ साठी, म्हणजे पहिल्या पातळीसाठी (पुढे ए-२, मग बी-१), ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात असं सांगतं. ८० तासांची बॅच धरा. नवव्या तासाला कर्म शिकवणं सुरू असतं. ‘डेअर काफे’ म्हणजे कॉफी, पण कॉफी पितो म्हणायचं तर ‘इश ट्रिंके डेन काफे’. ‘डेअर’चा ‘डेन’ झाला, आणि धड्याचा सगळा मुद्दा तोच आहे. ज्यानं ‘डेअर’च ऐकलेलं नाही त्याला ‘डेन’ आभाळातून पडल्यासारखा वाटतो. मग मागे जायचं. तोवर बाकीचे तेरा हातावर हात धरून बसतात. त्यातले दोघं ए-२ ला पुन्हा प्रवेश घेत नाहीत. ऑफिसच्या वहीत एक अॅडमिशन वाढल्याची नोंद होते, गेलेल्या दोघांची होत नाही.

दुसरा प्रकार याहून वाईट. दुसऱ्या क्लासचं ए-१ चं सर्टिफिकेट दाखवलं की थेट ए-२ मध्ये. पारखायला फक्त पंधरा मिनिटं लागतात: पाच मिनिटं बोलणं, दहा आकड्यांचं श्रुतलेखन आणि स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहिणं. आकड्यांतच कळतं. जर्मनमध्ये २१ म्हणताना एक आधी येतो आणि वीस नंतर; ज्याचं कच्चं आहे तो हमखास १२ लिहितो. ही पंधरा मिनिटं पावती फाडायच्या आधी द्या. नंतर देऊन उपयोग नाही, कारण पैसे भरलेला माणूस खालच्या वर्गात बसायला तयार होत नाही.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून फोनवर ‘किती महिन्यांत बी-१’ हेच विचारतात, आणि काउंटरवरून ‘सहा महिन्यांत होईल’ असं उत्तर जातं. त्या ‘होईल’चा जाब वर्गात शिक्षकाला द्यावा लागतो.

सीताबर्डी काउंटर

ते ‘होईल’ काउंटरवरच्या मुली मनानं बोलत नाहीत. महिन्याच्या अॅडमिशनचा आकडा त्यांच्या डोक्यावर असतो. तो गाठला नाही तर पगारातला वरचा भाग जातो. शिक्षकाचे पैसे तासावर ठरतात, बॅचमध्ये आठ असोत की चौदा. आमचं तसं नाही. आकडा ठरवणाऱ्या मालकाला हे कोणी विचारत नाही, राग काउंटरवर निघतो.

जपानी, वर्धा रोड

तुमच्या दोघांच्या भांडणात ऐकण्याचा तास कोणाला आठवला नाही.

जेएलपीटी, म्हणजे जपानीची परीक्षा, वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार. एन-५ ला, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीला, १८० पैकी ८० गुण लागतात, पण ऐकण्याच्या ६० पैकी १९ वेगळे मिळवावेच लागतात. एकूण १०० मिळाले आणि ऐकण्यात १७, तर नापास. आता जुलैच्या परीक्षेची तयारी नागपुरात कधी होते? एप्रिल, मे, जून. म्हणजे खोलीत कूलर घरघरत असताना. जपानीत ‘किते’ म्हणजे ‘ये’ आणि ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचं तिकीट. फरक मधल्या एका क्षणाच्या थांब्याचा. तो थांबा कूलरच्या घरघरीत बुडतो. कूलर बंद करा म्हटलं की ऑफिस म्हणतं, पोरं तक्रार करतात. मग ऐकण्याचा सराव घरी करा असं सांगून शिक्षक मोकळे होतात, आणि जुलैत तिथेच मार्क जातात.

सुट्यांचंही तसंच. मुख्य ऑफिस दुसऱ्या शहरात असलं की यादीत मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीचा, दिवस नसतो. महाल-इतवारीतून निघणारी पोरं त्या मिरवणुकीतून येणार कशी?

सक्करदरा

कूलरचा आवाज, कूलरचा आवाज म्हणून राहिले सगळे. आवाज काहून होते ते तर पाहा.

नव्या कूलरचा आवाज हवेचा असते, तो पंखा कमीवर केला की बराच उतरते. घरघर येते ती वेगळी. पात्यांवर धूळ अन् क्षार बसून तोल गेला, मोटरचं बुश घासलं, नाहीतर पत्र्याची बॉडी स्टँडवर थरथरून राहिली. चारही पायांखाली जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे ठेवा, अर्धी थरथर तिथंच जाते. पाती ओल्या कापडानं पुसा, दर पंधरा दिवसांनी.

दुसरी गोष्ट ताट्यांची, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावतात त्या गवताच्या. बोअरच्या पाण्यानं ताट्यांवर पांढरा थर चढते, हवा आत येत नाही, थंडावा कमी होते, मग लोक पंखा फुलवर करतात. म्हणजे आवाज वाढला तो ताटीपायी. मार्चमध्ये नवीन ताट्या लावल्या तर मे महिन्यातही मधल्या स्पीडवर भागते.

अन् शांतता पायजे म्हणून दार लावून घेऊ नका. कूलरची पाठ खिडकीबाहेर पायजे अन् समोरून हवा निघायला जागा पायजे. दार लावलं की दमट होते, अंग चिकचिक करते. तास सुरू व्हायच्या अर्धा तास आधी फुलवर चालवा, भिंती थंड होऊ द्या, मग ऐकायच्या वेळी पंखा बंद. सकाळी सातच्या बॅचला वीस मिनिटं आरामात निघतात. दुपारी चारला नाही निघत, पश्चिमेची भिंत तापलेली असते. म्हणून ऐकायचा तास सकाळच्या बॅचला कधीही घ्या, सायंकाळच्या बॅचला सात वाजल्यानंतर.

जर्मन शिकवणारा, धरमपेठ

हे कामाचं लिहिलं. ए-१ ची ऐकण्याची परीक्षा साधारण वीस मिनिटांचीच असते, तेवढा वेळ पंखा बंद चालतो. त्यातला दुसरा भाग घोषणांचा, स्टेशनवरच्या, दुकानातल्या, आणि तो एकदाच ऐकवतात. पहिला आणि तिसरा दोनदा. १५ म्हणजे ‘फ्युन्फत्सेन’, ५० म्हणजे ‘फ्युन्फत्सिश’. फरक शेवटच्या आवाजात, आणि शेवटचे बारीक आवाजच पंख्याच्या आवाजाखाली आधी दबतात. गाडी १५ व्या मिनिटाला की ५० व्या, हाच प्रश्न असतो.

पण वीस मिनिटं कूलर बंद करायला शिक्षकानं काउंटरची परवानगी का घ्यायची? वर्गात काय चालू राहील, काय बंद, हे शिक्षकच ठरवणार.

सीताबर्डी काउंटर

बंद करा ना, कोण अडवतं? पण नीट बंद करा. पंख्याचं बटण बंद करून पंप चालूच ठेवतात. टाकीतलं पाणी संपलेलं असतं, पंप कोरडा चालतो आणि जळतो. मग मेमध्ये नवा पंप मिळेपर्यंत दोन दिवस पोरं काउंटरवर येऊन ओरडतात. टाकी भरायचा पाइप कोण लावतो, शिक्षक? प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका हे शिपायाला रोज कोण सांगतं?

आणि स्पीकरचं बोला. ब्लूटूथ स्पीकर शेवटच्या जोडलेल्या फोनला आपोआप जाऊन चिकटतो. शेजारच्या वर्गातल्या मॅडमचा फोन वाजला की तुमच्या वर्गात त्यांची रिंगटोन. म्हणून वायरचा स्पीकर ठेवला आहे, तर वायर कुठल्या बॅगेत गेली पत्ता नाही. ट्रॅक नेटवरून लावायचा, मधेच गोल फिरायला लागला की वायफाय खराब म्हणून तक्रार. ट्रॅक घरून डाउनलोड करून आणायला किती वेळ लागतो?

जपानी, वर्धा रोड

डाउनलोडचं बरोबर आहे, ते शिक्षकाचंच काम. स्पीकरही फळ्याजवळच्या टेबलावर नको. मागच्या रांगेला पुसट जातं आणि पुढच्यांचे कान फुटतात. खोलीच्या मधे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, स्टुलावर ठेवा.

हिशेब, रामदासपेठ

कूलर बाजूला ठेवा. मानधनातून १० टक्के कापले की शिक्षक ऑफिसवर धावून येतात, जणू खिशात घातले. तासावर येणाऱ्या शिक्षकांची रक्कम व्यावसायिक फी धरली जाते, वर्षाची रक्कम मर्यादेवर गेली की टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापावाच लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकराच्या पोर्टलवर दिसतो. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरा, परत मिळतो. पॅन वेळेवर दिला नाही तर १० चे २० टक्के होतात, आणि पॅन मागून मागून ऑफिसचा गळा बसतो.

आता पावतीआधीच्या चाचणीबद्दल. जर्मनवाल्यांचं हे म्हणणं पटतं, पण माझं कारण वेगळं. १५,००० फीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,७००, पावती १७,७०० ची. विद्यार्थ्याला ए-२ मधून ए-१ मध्ये उतरवलं आणि फी वेगळी असली की क्रेडिट नोट, नवीन बिल, विवरणात दुरुस्ती. पंधरा मिनिटांची चाचणी टाळून दीड तासाचं काम वाढतं.

जर्मन शिकवणारा, धरमपेठ

टीडीएससाठी वेगळा धागा काढा.

रकाना भरायला मी तयार आहे, पण ‘धडा ४ झाला’ एवढ्यावर कोणी समाधान मानू नये. पान क्रमांक, कुठला व्याकरणाचा मुद्दा अर्धा राहिला आणि गृहपाठ, या तीन गोष्टी लिहायच्या. दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं तासाच्या पैशांत धरावीत. आणि तिसऱ्या तासानंतर बॅचमध्ये नवा प्रवेश नाही.

सीताबर्डी काउंटर

तिसरा तास मालक ऐकणार नाही. सहावा म्हणत असाल तर विचारून पाहते. चाचणीची चिठ्ठी पावतीला टाचल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, हे उद्यापासून करता येईल. पण संध्याकाळी साडेपाच ते सहा एक शिक्षक त्यासाठी मोकळा हवा, नाहीतर चौकशीला आलेला माणूस समोरच्या क्लासमध्ये जातो. ऐकण्याचा तास कुठल्या दिवशी आहे ते शनिवारीच सांगा, म्हणजे टाकी भरून, चार्जिंग करून, वायर मोजून ठेवू.

जर्मन शिकवणारा, धरमपेठ

सहाव्या तासाला अर्धे आकडे आणि सुरुवातीची क्रियापदं होऊन गेलेली असतात. चौथा. त्यापुढे नाही.

सक्करदरा

शनिवारी टाकी भरून ठेवून फायदा नाही. दोन दिवसांचं साचलेलं पाणी वास मारते अन् मच्छर त्यात अंडी घालतात. त्याच दिवशी सकाळी ओतून ताजं भरा.